भूल उतरेपर्यंत

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू सांगितलंस म्हणून पत्र लिहितेय. नाहीतर शाळेने मला सोडल्यापासून मी पेन फक्त कान खाजवायला वापरलंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघू नकोस, मजकूर बघ.

फोनवर खरं काही बोलता येत नाही हे तुला माहितेय. आपल्याकडे फोन आला की आजोबा स्पीकर लावतात, मग तो फोन राहत नाही, सभा होते. आणि तू तर कमालच केलीस. हॉस्टेलच्या पोरींचे मोबाइल पेटीत टाकायचे म्हणून स्वतःचाही टाकलास! असली रेक्टर माझ्या नशिबात नव्हती म्हणून मी वाचले.

तर तुझ्या अण्णांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, हर्नियाचं ऑपरेशन सोमवारी झालं. सकाळी रिकाम्या पोटी नेलं आणि संध्याकाळच्या चहाला घरी. अगं, मी सायकल पंक्चरला टाकली तरी तो माणूस 'उद्या या' म्हणतो. इथे अख्खा म्हातारा उघडला, बंद केला, पट्टी लावली आणि हातात दिला.

खरी मजा भुलीची. गाडीवर झोपवून बाहेर आणत होते. डोळे मिटलेले, आणि एकदम खणखणीत आवाजात, "पुढे सरका, पुढे सरका! दारात गर्दी नको!" जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला आवाज तो. दोन नर्स खरंच पुढे सरकल्या. मोठे डॉक्टर नाडी बघायला आले तर त्यांना म्हणाले, "सुट्टे काढून ठेवा."

पप्पा नेहमीप्रमाणे ट्रक घेऊन कुठेतरी लांब. त्यामुळे सगळं आईवर. ड्रायव्हिंग स्कूलमधून तिने रजा घेतलीय. येताना टॅक्सीत मी तिच्या शेजारी बसले ही माझी चूक. दुसऱ्यांना गाडी शिकवून शिकवून तिचा पाय प्रत्येक वळणाला आपोआप ब्रेक दाबतो. टॅक्सीत तिच्या बाजूला ब्रेक नव्हता, माझा पाय होता.

निघताना एक तरुण डॉक्टर धावतपळत आला. "चोवीस तास कोणीतरी जवळ पाहिजे हं यांच्या," म्हणाला आणि तसाच धावत गेला. आईने तीनदा हो म्हटलं, त्यातले दोन त्याच्या पाठीला.

मी आजोबांना आमच्या नंबरप्लेटच्या दुकानातली काउंटरवरची घंटी आणून दिलीय. बसमधल्यासारखी एकदा वाजली की आईने थांबायचं, दोनदा, म्हणजे 'डबल', वाजली की निघायचं. आजोबा खूश. आई एवढी नाही.

आणखी एक सांगते, पण ओरडायचं नाही. मंगळवारी मी दुकानातून घरी फोन केला, नाकातून बोलले, "हॉस्पिटलमधून बोलतेय. पेशंटला रोज दोन वाट्या आइस्क्रीम द्यायचं, आणि एक वाटी नातीला, म्हणजे पेशंट प्रसन्न राहतो." आईने डबा आणला गं! तिसऱ्या चमच्याला मला हसू फुटलं आणि लाटणं बाहेर आलं.

तुझी,
कार्टी


९ फेब्रुवारी

कार्टे,

आशीर्वाद. आइस्क्रीमचं वाचून आधी हसू आलं, मग राग. हसू आलं ते वहिनीला सांगू नकोस.

माझ्या इथे परीक्षा तोंडावर आल्यात. पोरी अभ्यास सोडून सगळं करतायत. मला हलता येत नाही, म्हणून तुझ्या डोळ्यांनी बघतेय. तेव्हा ते डोळे जरा जागेवर ठेव.

एक गोष्ट वहिनीला नीट सांग. डॉक्टरांनी चोवीस तास म्हटलं, तर चोवीस तास म्हणजे चोवीस तास. तास-दोन तास बाजारात जाऊन आले, शेजारीण बसली होती, असली कारणं नकोत. अण्णांचं वय काय, हट्ट किती! नजर चुकवून स्टुलावर चढतील आणि माळ्यावरचं काहीतरी काढतील. घरात ठळक अक्षरांत लिहून लावा. माझ्या इथे लिहून लावल्याशिवाय कुणी नळही बंद करत नाही.

घंटी काढून घे.

आत्या


१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझी आज्ञा पाळली. नुसतं लिहून नाही लावलं, दुकानात लाल रेडियममध्ये पाटी कापली: 'चोवीस तास'. आजोबांच्या पलंगासमोर ठोकलीय. दिवे घालवले तरी चमकते. आजोबा म्हणाले, "झोपलो तरी डोळ्यांत घुसते गं." मी म्हटलं, आत्याची ऑर्डर.

आता घरचं ऐक. आईने गादी आजोबांच्या दाराच्या उंबऱ्यात आडवी टाकलीय. आत जायचं तर तिच्यावरून उडी. स्वयंपाक करताना दर दोन मिनिटांनी ओरडते, "अण्णाऽऽ?" आतून "होऽऽ" आलं नाही तर उलथनं हातात घेऊन धावते. काल आजोबा चहाचा घोट घेत होते म्हणून उत्तर उशिरा आलं, तर उलथन्यासकट त्यांच्या छातीला कान लावून बसली. आजोबांच्या सदऱ्यावर तेलाचा डाग आणि कपाळावर आठ्या.

संडासाची तर वेगळीच गंमत. आई दाराबाहेर उभी. आत आजोबांनी गाणं म्हणत राहायचं, म्हणजे कळतं की माणूस शाबूत आहे. गाणी संपली. आता ते जुन्या रूटचे स्टॉप म्हणतात. भाजी मार्केट, टपाल कचेरी, जुना पूल, कापड गिरणी. मधेच कुंथायला थांबले की आई दार वाजवते, "अण्णा, पुढचा स्टॉप?"

पण म्हातारा नरम पडलाय गं. पहिल्या आठवड्यात खोलीभर फिरायचे. आता पडूनच असतात, बोलतात तेही हळू. जखम छान आहे, ड्रेसिंगवाला घरी येऊन टाके काढून गेला. तो म्हणाला, "झकास." पण आजोबांचा चेहरा झकास नाही. भिंतीकडे तोंड करून झोपतात. मी त्यांच्या पाठीवर आईच्या स्कूलमधला लाल 'एल' चिकटवला तर रागावलेसुद्धा नाहीत. नुसतं म्हणाले, "असू दे."

मात्र मनाने एकदम दिलदार झालेत. मला त्यांचा पंच दिला! तिकिटाला भोक पाडायचा, तोच. खालच्या शिंप्याला छत्री दिली. चामडी बूट त्यांच्या जुन्या ड्रायव्हरला द्यायचे म्हणून पुसून ठेवलेत. मी तर म्हटलं, दर वर्षी ऑपरेशन करा, माझी चांदी आहे. मी आतापर्यंत शंभरेक कागदांना भोकं पाडलीत, त्यात विजेचं बिलही आहे.

आईची गोष्ट अशी, की स्कूलचा मालक दोनदा येऊन गेला. बरा माणूस आहे. पण म्हणाला, "वहिनी, एक तारखेपर्यंत थांबतो. मग तुमची गाडी दुसऱ्याच्या हातात द्यावी लागेल. शिकणारी माणसं नुसती बसून राहतात."  तो गेल्यावर आईने गाडीची किल्ली पदराने पुसली आणि परत खिळ्याला अडकवली. त्या गाडीत दुसऱ्या कुणी शिकवलेलं तिला चालत नाही, तुला माहितेय. आजोबांना यातलं काही सांगायचं नाही अशी मला तंबी आहे.

घंटी काढून घेतली. काढून घेताना आजोबांनी तीही 'तुलाच ठेव' म्हटलं.

तुझी,
श्रीमंत होत चाललेली कार्टी


२१ फेब्रुवारी

कार्टे,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. अगं बिनडोके, अण्णांनी तो पंच आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. लहानपणी मी एकदा शाळेच्या वहीला भोक पाडलं तर दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते. तो पंच त्यांनी सहज दिला आणि तू विजेचं बिल फोडत बसलीस?

माणूस आवराआवर करतो तेव्हा असं वाटत सुटतो. आणि तो पडून राहतो, भिंतीकडे तोंड करतो. मला हे चिन्ह बरं दिसत नाही. डॉक्टरांना काहीतरी दिसलं असणार, म्हणूनच तर चोवीस तास म्हणाले. वहिनीला सांग, आता तर एक क्षणही हलायचं नाही. मालकाला मी स्वतः लिहिलंय, की पुढे कळवेपर्यंत त्या येणार नाहीत. गाडी कुणालाही द्या म्हणावं. गाड्या मिळतात.

परीक्षा संपली की मी येते. तोवर तू एकही चाळा करायचा नाहीस. एकही!

आत्या


२६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

हे पत्र मी हसत नाही लिहीत. तुला पटणार नाही, पण बघ वाचून.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी आई पाणी भरत होती. आजोबांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"एक विचारतो. चेष्टा करायची नाही."

"नाही करत."

"आत काय निघालं?"

"कशाच्या आत?"

"माझ्या. उघडलं तेव्हा काय निघालं?"

आत्या, माझ्या तोंडातून निघून गेलं, "दोन प्रवासी विनातिकीट." एरवी ते पोट धरून हसले असते. ते हसले नाहीत.  मग म्हणाले, "त्या तरुण डॉक्टरचं मी अर्धवट गुंगीत ऐकलं होतं. चोवीस तास कोणीतरी जवळ पाहिजे. असं कुणाबद्दल सांगतात? तुझी आई कामधंदा सोडून उंबऱ्यात झोपते, ती उगाच? पाटी लावलीय, तीही उगाच? मला कळतं सगळं. तिला त्रास नको म्हणून मी गप्प पडून असतो. उठलो की धावते बिचारी."

म्हणजे बघ, त्यांना वाटतं आपण मरतोय आणि घरचे लपवतायत, म्हणून ते पडून. ते पडून म्हणून आईला वाटतं डॉक्टरांचं खरं होतं. आईचं तोंड बघून त्यांची खात्री पटते. आणि मी मधे रेडियमची पाटी लावून बसलेय.

दुसऱ्या दिवशी दुकानाला बुट्टी मारून मी हॉस्पिटलला गेले. खिडकीवरच्या बाईंना विचारलं, "हे चोवीस तास किती दिवस चालवायचे?"

त्या म्हणाल्या, "काय?"

मी पुन्हा विचारलं. त्यांनी चष्मा काढला. "अगं, चोवीस तास म्हणजे एक दिवस. ऑपरेशनचा दिवस आणि ती रात्र. भूल उतरेपर्यंत. उठताना चक्कर येऊन पडू नये म्हणून. पुढे माणसाने फिरायचं, हिंडायचं, जड तेवढं उचलायचं नाही. किती दिवस झाले?"

मी सांगितलं. त्यांनी आतल्या दोघींना हाक मारून बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं.

मी उडत घरी. आईला सांगितलं. ती म्हणाली, "आता मी आइस्क्रीमचा डबा आणू का?"

मी देवाची शपथ घेतली. ती म्हणाली, "देवाची तू आठवड्याला चार घेतेस." मग मी खिडकीवरच्या बाईंना विनवलं, तुम्हीच फोन करा. त्यांनी केला गं! भली बाई. नेमकं त्यांना सर्दी झालेली, आवाज नाकातून. आईने ऐकलं आणि म्हणाली, "कार्टे, या वेळी आवाज चांगला जमलाय," आणि फोन ठेवून दिला. मी तिच्या समोर उभी होते! तर म्हणते, "मैत्रिणीला बसवलंस ना बोलायला?"

आजोबांना सांगितलं तर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "माझ्या समाधानासाठी खोटं बोलतेस. गुणाची आहेस." मला जन्मात कुणी गुणाची म्हटलं नव्हतं. म्हटलं तेव्हा हे असं.

एक तारीख जवळ आलीय. आईच्या डोळ्यांखाली काळं झालंय. परवा तिने चहात मीठ घातलं आणि आम्ही तिघांनी तो चहा न बोलता प्यायला, तिनेसुद्धा. तुझं ती ऐकते. तू लिही तिला. हे खरं आहे, आत्या. एकदाच विश्वास ठेव.

कार्टी


१ मार्च

कार्टे,

मी मुलींचं हॉस्टेल चालवते. आजी वारली म्हणून रजा मागायला येणाऱ्या मुलींच्या आज्या मी मोजायच्या सोडून दिल्यात. शपथ, सर्दी झालेली बाई, डोळ्यांत पाणी, हे सगळं मी बघितलंय, आणि तुझ्यापेक्षा चांगलं बघितलंय.

वहिनीचे हाल बघवत नाहीत म्हणून तुला हे सुचलं असेल तर मन चांगलं आहे. पण आजाऱ्याशी खेळ नाही करायचा. पाटी काढू नकोस. मी बारा तारखेला निघतेय.

आत्या


४ मार्च

आत्या,

आधी हे वाच: सगळे ठीक आहेत. आता बस आणि पुढचं वाच.

मंगळवारी दुपारी मी जेवायला घरी आले होते. आजोबा संडासात, आई बाहेर दाराला टेकून उभी. आजोबा आतून म्हणत होते, "टपाल कचेरी, जुना पूल..." आणि आई उभ्या उभ्या भिंतीवरून घसरली. आवाजसुद्धा झाला नाही. साडी घसरते तशी खाली बसली आणि आडवी झाली.

मी किंचाळले. आजोबा बाहेर आले. आत्या, तो पडून असलेला म्हातारा मी पुन्हा बघितला नाही. "तिला सरळ झोपव. पाय उशीवर घे. पाणी तोंडात ओतू नकोस, तोंडावर मार." तोपर्यंत स्वतः खिडकीत, आणि असा आवाज लावला की खालचा शिंपी मशीन सोडून वर आला. त्याचा भाचा गाडी घेऊन आला. जिना आजोबा कठडा धरून स्वतः उतरले. पुढे उतरून वर बघून सांगत होते, "सावकाश, तिचं डोकं सांभाळा, कोपरा आहे."

हॉस्पिटल तेच. डॉक्टरही तोच धावणारा. त्याने तपासलं, सलाईन लावलं, झोपेचं इंजेक्शन दिलं. म्हणाला, यांना काही झालेलं नाही, या फक्त झोपलेल्या नाहीत, जेवलेल्या नाहीत, अशा किती दिवसांच्या आहेत कोण जाणे. सलाईन संपलं की घरी न्या. आणि दाराकडे जाता जाता म्हणाला, "चोवीस तास कोणीतरी जवळ पाहिजे हं यांच्या."

मी तोंड उघडणार होते. पण आजोबा खुर्चीतून उठले आणि त्यांनी दारात हात आडवा घातला. बसमध्ये उतरणाऱ्याला अडवतात तसा.

"कुठपर्यंत?"

डॉक्टर म्हणाला, "अं?"

"चोवीस तास म्हणालात. ठीक. कुठून कुठपर्यंत? मी जन्मात 'कुठपर्यंत' विचारल्याशिवाय कुणाला तिकीट दिलं नाही."

"म्हणजे... उद्या दुपारपर्यंत. इंजेक्शनची गुंगी उतरेपर्यंत. मग काही नको."

आजोबांनी हात काढला नाही. मग हळूच विचारलं, "आणि माझं?"

"तुमचं काय?"

"माझे चोवीस तास."

डॉक्टरने त्यांना ओळखलं नव्हतं. सदरा वर करून जखम दाखवली तेव्हा ओळख पटली. "अहो आजोबा, तुमची भूल तर त्याच रात्री उतरली असेल की!"

आजोबा म्हणाले, "माझी उतरली हो. घरच्यांची उतरायची राहिली."

मग त्यांनीच विचारलं, "आत काही निघालं नव्हतं?"

"काय निघणार? आतडं बाहेर डोकावत होतं, ते आत ढकललं, पुढे जाळी बसवली."

आत्या, मग ते हसायला लागले. जखमेवर हात दाबून, भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी. डॉक्टर घाबरला, त्याला वाटलं आता यांनाही झोपवावं लागतंय. "ढकललं आणि दार लावलं," आजोबा म्हणत होते, "ढकललं आणि दार लावलं! एवढंच!"

आई संध्याकाळी जागी झाली. तिला सांगितलं.  ती माझ्याकडे वळली.

"म्हणजे ती बाई खरंच हॉस्पिटलची होती?"

"हो."

"आवाज अगदी तुझ्यासारखा होता गं."

आणि माझा हात धरला, एवढा घट्ट, की मला वाटलं ब्रेक समजली.

पाटी मी काढली. आजोबांनी पंच परत मागितला. विजेच्या बिलाचं अजून सांगितलेलं नाही.

कार्टी


६ मार्च

प्रिय कार्टे,

तुझं पत्र वाचलं आणि ऑफिसचं दार आतून लावून घेतलं. बाहेर पोरींना वाटलं, मॅडमकडे काहीतरी भयंकर बातमी आलीय. होतीच.

'चोवीस तास म्हणजे चोवीस तास' हे मी लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. मी रोज शंभर मुलींना सांगते की प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. आजपासून कोणत्या तोंडाने सांगू?

तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, त्याचं काय करू ते कळत नाही. आल्यावर तू मला एकदा फसव. मोठं काहीतरी. मी ओळखलं तरी फसेन.

मालकाला मी दुसरं पत्र टाकलंय. पहिल्यात जितका तोरा होता तितकी या पत्रात नरमाई आहे. अण्णांशी काल बोलले, त्यांचा आवाज इतका मोठा होता की स्पीकर लावायची गरज नव्हती. वहिनी मात्र फोनवर आली नाही. अण्णा म्हणाले, "ती अजून उंबऱ्यातच झोपते. सगळं कळलंय, पण हलत नाही. बाहेर पडायचं म्हटलं की तिला घरातलं काहीतरी राहिलेलं आठवतं."

मला काळजी आता तिची आहे. माझं येणं सहा दिवसांवर आलंय, पण मी येऊन 'मी बसते, तू जा' म्हटलं तर ती कायमची कुणीतरी बसल्याशिवाय जाणार नाही. ती आपणहून घराबाहेर पडली का, एवढंच मला कळव. लगेच.

तुझी,
आत्या


९ मार्च, सोमवार, जिना

प्रिय आत्या,

हे पत्र मी आपल्याच दाराबाहेर, जिन्याच्या पायरीवर बसून लिहितेय. दुकानात जाते म्हणून सकाळी निघाले आणि वरच्या वळणावर लपले. का, ते वाच.

मालक शनिवारी स्वतः आला होता. तुझं पत्र पोचायच्या आधीच, त्यामुळे नरमाई वाया गेली. म्हणाला, "वहिनी, नवा मास्तर नको. तो इतक्या लवकर ब्रेक मारतो की अजून एकही माणूस दुसऱ्या गिअरच्या पुढे गेलेला नाही. सोमवारी या." आई 'हो' म्हणाली, पण ते तिचं हॉस्पिटलमधलं 'हो' होतं.

आज सकाळी तिने स्वयंपाक करून झाकून ठेवला. आजोबांच्या हाताशी पाणी, गोळ्या, फोन, काठी. आजोबा म्हणाले, "काठी कशाला, कुत्रं हाकलू?" मग चप्पल घातली आणि दारात उभी राहिली. उघड्या दारातून मला वरून आतलंही दिसत होतं. आजोबा पेपरात तोंड घालून बसले होते. पेपर उलटा होता.

गेली. मी जिन्याच्या वळणावर, भिंतीला चिकटून. पहिला मजला उतरली आणि परत वर. रुमाल विसरला. आतून, "मिळाला का?" "मिळाला." पुन्हा खाली. या वेळी रस्त्यापर्यंत गेली, आणि परत. गॅस बघायचा राहिला. गॅस बंद होता, तिनेच बंद केलेला. मग आजोबांच्या कपाळाला हात लावून बघितला असणार, कारण ते ओरडले, "मास्तरीणबाई, माझं कपाळ तिथेच आहे!"

तिसऱ्यांदा गाडीपर्यंत पोचली. दार उघडलेलं मी ऐकलं. मग बंद झालेलं ऐकलं. मग पायऱ्यांवर पावलं, धावत. मला वाटलं, संपलं. आता ती आत शिरली की पुन्हा गादी टाकणार.

तिने दार ढकललं. दाराला आतून कडी.

"अण्णा? अण्णा! दार उघडा! काय झालं? अण्णा!"

आतून काहीच नाही. आईचा चेहरा मला दिसत होता, मी धावणारच होते. तेवढ्यात आतून तो आवाज आला, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा:

"जागा नाही! गाडी फुल आहे! मागून दुसरी रिकामी येतेय!"

आई दाराला कपाळ टेकून उभी राहिली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती गं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती हसत होती, तोंडावर पदर दाबून, म्हाताऱ्याला कळू नये म्हणून. मग तिने पदर सोडला, नाक पुसलं आणि शिकवताना लावते तो आवाज लावला, "ठीक आहे. पाच वाजता येते. तोवर स्टुलावर चढायचं नाही."

"डबल!" आतून.

ती उतरली. या वेळी पावलं थांबली नाहीत. गाडी सुरू झाली, गिअर पडला, दुसरा पडला, आणि वळणावर गेल्यावर तिसरासुद्धा पडलेला मला ऐकू आला.

 आता आतून चपला वाजतायत. खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत, आणि परत खिडकीपर्यंत. मधेच थांबतात, मग पुन्हा चालतात. म्हातारा एकटा फिरतोय आणि स्वतःशी काहीतरी पुटपुटतोय. स्टॉप नाही, गाणं आहे.

दुकानाला आज उशीर होणार. होऊ दे. मी इथे बसलेय हे मात्र त्यांना कळू देऊ नकोस.

तुझी,
कार्टी